दूध संस्थेच्या वहीपासून डेटाबेसपर्यंत: डेटा मॉडेलिंग शिकण्याची आणि साधन निवडण्याची वाट

दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरकडच्या कुठल्याही दूध संस्थेत एकच विषय असतो: यंदा फरक किती बसणार? वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे ठरलेली रक्कम उत्पादकाच्या खात्यावर जमा करायची असते. हिशेब सोपा आहे. प्रत्येकाचं वर्षाचं लिटर काढायचं, गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं, आणि त्याला दराने गुणायचं. मी एका गावात हे काम जवळून पाहिलं, तिथे हा सोपा हिशेब अकरा दिवस चालला. संगणक होता, सॉफ्टवेअरही विकत घेतलेलं होतं. पण त्यात दहा दिवसांच्या बिलाची एकूण रक्कम तेवढी शिल्लक राहायची. रोजच्या मापाच्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जायच्या. बिलात गाय-म्हैस अशी फोडही नव्हती. शेवटी सचिवांनी माळ्यावरच्या संकलन वह्या खाली उतरवल्या आणि चौघांनी बसून बेरजा केल्या.

सॉफ्टवेअर बंद पडलं नव्हतं, की चुकीची बेरीजही करत नव्हतं. नोंद नेमकी कशाची ठेवायची, किती बारीक ठेवायची, किती काळ ठेवायची, हे कुणी ठरवलंच नव्हतं. हे ठरवण्याच्या कामाला डेटा मॉडेलिंग म्हणतात. ते झाल्याशिवाय साधन निवडायला बसणं म्हणजे घराचा नकाशा नसताना फरशीचा रंग पाहणं. पुढे सगळीकडे मी दूध संस्थेचंच उदाहरण घेतलं आहे, कारण डेटाच्या जवळपास सगळ्या अडचणी त्या काट्यासमोर दिवसातून दोनदा हजर होतात. तुमची संस्था पतसंस्था असो, शाळा असो, दवाखाना असो की छोटा कारखाना, पायऱ्या याच राहतील.

मॉडेल आपल्या दप्तरात आधीपासून आहे

शब्द परका वाटला तरी सातबारा वाचता येणाऱ्याला याचं अर्धं मर्म ठाऊक असतं. गाव नमुना ७ हा जमिनीच्या तुकड्याचा: हा गट, एवढं क्षेत्र, त्यावर अमक्या-अमक्याचा हक्क. नमुना १२ त्याच जमिनीतल्या पिकांचा. आठ-अ मात्र माणसाच्या बाजूने लिहिलेला: या खातेदाराच्या नावावर या गावात कोणकोणते गट आहेत. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार, ज्यात खरेदी, वारस, वाटणी अशा घटना क्रमाने नोंदलेल्या असतात.

हे नमुने वेगवेगळे का ठेवले असतील? पीक हंगामाला बदलतं, मालकी कधीतरी. दोन्ही एकाच तक्त्यात घातलं असतं तर दर हंगामाला मालकांची नावं नव्याने लिहावी लागली असती आणि लिहिताना कुठेतरी चुकली असती. एका गटाला अनेक मालक असतात, एका मालकाचे अनेक गट असतात. म्हणून एक उतारा जमिनीकडून निघतो, दुसरा माणसाकडून. सातबाऱ्यावर आज जे नाव दिसतं ते कशामुळे आलं, हे फेरफार क्रमांक सांगतो.

वस्तू, त्यांच्यातली नाती आणि घडणाऱ्या घटना, एवढ्यावर डेटा मॉडेल उभं राहतं. १९७० मध्ये आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी तक्ते आणि त्यांची नाती यांना गणिताचा पाया दिला. आजचे बहुतेक डेटाबेस त्यावर उभे आहेत. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांची नाती आकृतीत मांडण्याची पद्धत दिली. ईआर डायग्राम म्हणतात ती हीच.

पहिली पायरी: कागद गोळा करा आणि प्रश्न लिहून काढा

संगणक बंद ठेवा. दोन दिवस पहाटे आणि संध्याकाळी संकलनाच्या वेळी तिथे जाऊन उभे राहा. मापाची पावती, दहा दिवसांचं बिल, दरपत्रक, पशुखाद्याची वही, उचलीची वही, गावचं दूध पुढे घेणाऱ्या संघाकडून येणारं टँकरचं चलन, अशा प्रत्येक कागदाची एकेक भरलेली प्रत घ्या. कोरी नको, भरलेली. समासात पेन्सिलने लिहिलेलं असतं ते सगळ्यात मोलाचं. ‘फॅट मशीन बंद, कालची फॅट धरली’, ‘मुलाच्या नावावर जमा’, ‘अर्धं दूध परत’. छापील नमुन्यात ज्याला जागा नाही पण कामात जे रोज घडतं, ते या समासात सापडतं.

मग माणसांना विचारा, डेटाला कोणते प्रश्न विचारता येत नाहीत म्हणून तुमचं काम अडतं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. उत्पादक विचारतो, ‘माझी फॅट गेल्या महिन्यापासून का उतरली?’ सचिव विचारतात, ‘कुणाची उचल तीन बिलांपेक्षा जास्त थकली?’ संचालकांना हवं असतं, ‘संघाला गेलेलं दूध आणि गावात जमलेलं दूध यात घट किती?’ लेखापरीक्षक म्हणतो, ‘या कपातीचा आधार दाखवा.’ असे पंचवीस-तीस प्रश्न जमले की थांबा. पुढे प्रत्येक निर्णय याच यादीवर घासून बघायचा आहे. सुरुवातीच्या त्या संस्थेने फक्त एक वाक्य लिहिलं असतं, ‘प्रत्येकाचं वर्षाचं गाय-म्हैस लिटर किती’, तर ते अकरा दिवस वाचले असते.

दुसरी पायरी: एका ओळीत काय?

सगळ्या मॉडेलिंगमधला एकच प्रश्न शिकायला वेळ असेल तर हा शिका. या तक्त्यातली एक ओळ म्हणजे प्रत्यक्षात काय? त्याचं उत्तर एका सरळ वाक्यात देता आलं पाहिजे.

‘संकलन’ या तक्त्याची एक ओळ म्हणजे एका उत्पादकाने एका दिवशी घातलेलं दूध, असं ठरवलं तर सकाळ आणि संध्याकाळ एकत्र होते आणि फॅटचं काय करायचं हा पेच पडतो. समजा सकाळी १० लिटर दूध ७ फॅटचं आणि संध्याकाळी २ लिटर ६ फॅटचं. सरळ सरासरी ६.५ येते. लिटर लक्षात घेतलं तर खरी सरासरी ६.८ च्या पुढे जाते. उत्पादकाच्या पदरात पडणाऱ्या पैशांत हा फरक दिसतो. म्हणून ओळ अशी ठरवा: एका उत्पादकाने, एका तारखेला, एका पाळीला, एका जनावराच्या प्रकारचं, एका मापात घातलेलं दूध. ‘एका मापात’ हे मुद्दाम घातलं आहे, कारण कुणी आधी एक किटली आणतो आणि घाईत राहिलेली दुसरी अर्ध्या तासाने.

ओळ जितकी बारीक, तितके पुढचे प्रश्न सुटतात. बारीक नोंदींतून बेरीज कधीही काढता येते. बेरजेतून बारीक नोंद परत मिळत नाही. साठा वाढेल ही भीती ठेवू नका. ३०० उत्पादक, दोन पाळ्या, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला २,१९,००० ओळी. डेटाबेसला हा आकडा अगदी किरकोळ आहे.

ओळ ठरली की रकाने: उत्पादक, तारीख, पाळी, प्रकार, प्रमाण, एकक, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), लावलेलं दरपत्रक, लावलेला दर, नोंद करणारा, नोंदीची वेळ. ‘एकक’ वगळायचा मोह होतो, तो आवरा. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. गावात लिटरने माप आणि पुढे किलोने वजन असेल, तर एकक न लिहिता केलेली तुलना सुमारे तीन टक्क्यांची खोटी घट किंवा खोटी वाढ दाखवते. या तीन टक्क्यांवरून माणसांवर संशय घेतला जातो. एका रकान्याने ते टळतं.

तिसरी पायरी: ओळख कशाने पटते

‘पाच नंबर म्हणजे थोरल्याचा. धाकट्याचा पाच-अ. वडील गेले तेव्हा एकाचे दोन झाले.’ सचिवांना हे तोंडपाठ असतं. संगणकाला सांगावं लागतं.

किटलीवरचा कोड आणि माणूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोड वारसाकडे जातो. कुणी गाव सोडलं की तोच कोड दोन वर्षांनी नव्या माणसाला मिळतो. कोडच ओळख मानलात तर नव्या माणसाच्या नावावर जुन्याचं दूध आणि जुन्याची उचल येऊन बसते. म्हणून व्यक्तीला डेटाबेसने दिलेला, कधीही न बदलणारा, बाहेर कुणाला सांगायची गरज नसलेला क्रमांक द्या. त्याला प्रायमरी की म्हणतात. कोडसाठी वेगळा तक्ता ठेवा: कोड, व्यक्ती, या तारखेपासून, या तारखेपर्यंत. मग ‘पाच नंबर’ २०२१ मध्ये कोण होता आणि आज कोण आहे, दोन्ही सांगता येतं. बँक खात्याचंही तसंच, खातं बदललं की जुनं पुसायचं नाही, त्याची ‘पर्यंत’ तारीख भरायची.

दूध घालणारा प्रत्येक जण सभासद नसतो, हेही विसरू नका. ‘उत्पादक’ आणि ‘सभासद’ एकच समजून मॉडेल केलं की पुढे फरक कुणाला द्यायचा, लाभांश कुणाला, मतदार यादीत कोण, असे सगळे प्रश्न एकमेकांत अडकतात. व्यक्ती एक तक्ता, सभासदत्व दुसरा.

नात्यांपैकी एकास-अनेक सोपं असतं: एका उत्पादकाची अनेक मापं. अनेकांस-अनेक आलं की मधे तिसरा तक्ता लागतो. पशुखाद्याची दोन पोती उधार घेतली आणि पैसे तीन बिलांतून कापले. त्याच तीन बिलांत उचलीचीही कपात आहे. एका बिलात अनेक कपाती, एका उधारीच्या अनेक बिलांत कपाती. मधला ‘कपात’ हा तक्ता सांगतो की कुठल्या उधारीपोटी कुठल्या बिलातून किती. लेखापरीक्षक मागतो तो आधार हाच.

चौथी पायरी: दरपत्रक, म्हणजे काळाचा प्रश्न

इथे थोडं जास्त थांबू या, कारण मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती प्रणाली इथेच ढासळतात.

कागदावर दरपत्रक जाळीसारखं असतं. आडवं एसएनएफ, उभं फॅट, छेदावर दर. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.०, दोन्ही दशांशाच्या पायरीने धरले तर २१ गुणिले ११, म्हणजे २३१ घरं. नवशिका माणूस हीच जाळी जशीच्या तशी तक्त्यात उतरवतो आणि एसएनएफच्या प्रत्येक आकड्याचा वेगळा रकाना करतो. उद्या पत्रकात ९.१ वाढला की तक्ता मोडतो. त्याऐवजी २३१ ओळी करा: पत्रक क्रमांक, फॅट, एसएनएफ, दर. डोळ्याला जाळी बरी, साठवायला ओळी बऱ्या. वाचताना ओळींची जाळी हवी तेव्हा करता येते.

पत्रकाचा मथळा वेगळ्या तक्त्यात: पत्रक क्रमांक, प्रकार, लागू होण्याची तारीख आणि पाळी, पत्रक मिळाल्याची तारीख. दोन तारखा कशाला? दर ११ तारखेच्या सकाळपासून बदलतो आणि पत्रक १२ च्या संध्याकाळी फोनवर येतं, असं होतंच. मधल्या तीन पाळ्या जुन्या दराने नोंदल्या गेल्या. लागू तारीख एवढीच ठेवलीत तर त्या तीन पाळ्या जुन्या दराने का होत्या, याचं उत्तर पुढच्या वर्षी कुणाकडे नसेल आणि ज्याने नोंद केली त्याच्यावर बोट येईल. घडलं कधी आणि आपल्याला कळलं कधी, हे दोन वेगळे काळ आहेत. पगार, व्याजदर, औषधांच्या किमती, शाळेची फी, सगळीकडे हीच जोडी असते.

दर पत्रकातून काढता येतो, मग संकलनाच्या ओळीत ‘लावलेला दर’ पुन्हा का लिहायचा? एकच गोष्ट दोनदा लिहू नये, हा कॉड यांच्या नॉर्मलायझेशनचा गाभा आहे आणि तो पाळायलाच हवा. उत्पादकाचं नाव फक्त व्यक्तीच्या तक्त्यात असावं, प्रत्येक मापाच्या ओळीत नाही. नाव दुरुस्त झालं की एका जागी दुरुस्त व्हावं. पण लावलेला दर ही त्या क्षणी घडलेली गोष्ट आहे. पत्रकात उद्या चूक सापडली आणि ते सुधारलं, तरी त्या सकाळी उत्पादकाच्या हातात पडलेल्या पावतीवरचा आकडा बदलत नाही. पावतीवर छापलं ते जसंच्या तसं जपा.

पाचवी पायरी: कीर्द लिहा, खतावणी काढा

आपल्या जुन्या हिशेबनीसांनी हा धडा घालून दिला आहे. रोजकीर्दीत घडेल तशी नोंद, तारखेच्या क्रमाने. खतावणी त्या नोंदींवरून खातेनिहाय तयार होते. खतावणीत चूक झाली तर कीर्दीवरून पुन्हा लिहिता येते. कीर्द फाटली तर गेलं.

डेटाबेसमध्ये संकलन, उधारी, कपात, रक्कम अदा करणं हे सगळं कीर्दीच्या बाजूचं. ‘आजची थकबाकी’, ‘या महिन्याचं लिटर’ हे खतावणीच्या बाजूचं. ते साठवू नका, मागाल तेव्हा काढा. काही प्रणाली प्रत्येक उत्पादकासमोर ‘शिल्लक’ नावाचा रकाना ठेवून त्यात थेट बदल करतात. वीज गेली, एक बदल अर्धवट राहिला, की शिल्लक आणि नोंदी जुळत नाहीत आणि खरं काय ते सांगणारं कुणी उरत नाही.

दहा दिवसांचं बिल मात्र अपवाद. ते मंजूर होऊन पैसे गेले की ते एक दस्तऐवज बनतं. त्याचे आकडे गोठवा. मागची चूक सापडली तर जुनी ओळ खोडायची नाही, पुढच्या बिलात उलट नोंद घालायची, कारण लिहायचं. वहीत खाडाखोड दिसते तरी. डेटाबेसमध्ये खोडलेलं दिसतही नाही. म्हणून ‘डिलीट’चा अधिकार काट्यावर बसणाऱ्याला देऊच नका, त्याला ‘रद्द, कारणासह’ एवढंच द्या. यात त्या पोराचंही संरक्षण आहे.

रक्कम दशांश प्रकारात किंवा पूर्ण पैशांत साठवा. संगणकाच्या फ्लोट प्रकारात ०.१ ही संख्याही अचूक बसत नाही आणि हजारो ओळींच्या बेरजेत पैसे इकडे-तिकडे होतात.

नावं आणि नंबर

मराठीत काम करणाऱ्याला ही अडचण येणारच. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं: एकात युनिकोडचं स्वतंत्र ऱ अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं आहेत. शोधायला जाल तर एक सापडेल, दुसरं नाही. डेटा आत घेतानाच सगळं एका रूपात आणा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव हे वेगळे रकाने ठेवा, आणि बँकेसाठी इंग्रजी स्पेलिंगचा एक रकाना पासबुकात आहे तसाच भरा.

ज्याची बेरीज-वजाबाकी होत नाही तो आकडा नाही, मजकूर आहे. बँक खातं, फोन, पिनकोड, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, हे सगळे मजकूर म्हणून साठवा. एक्सेल पुढची शून्यं गिळतं आणि १५ अंकांपलीकडचे आकडे शून्य करून टाकतं. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्याचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे ‘ओ’ टाइप झाला की पैसे परत येतात. ही तपासणी भरतानाच लावा. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान थेट बँक खात्यात देण्याची योजना आणली, तेव्हा उत्पादक, त्याचं खातं आणि बिल्ला लावलेली जनावरं यांची जोडणी नीट असलेल्यांना काम हलकं गेलं.

आधार क्रमांक दिसेल तिथे साठवू नका. गरज नसलेली खासगी माहिती घेतलीच नाही तर ती सांभाळावीही लागत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा विचार प्रत्येक संस्थेने करायला हवा.

सहावी पायरी: कागदावरच परीक्षा घ्या

मोठ्या कागदावर चौकोन काढा, रेषा जोडा, प्रत्येक तक्त्याखाली ‘एक ओळ म्हणजे…’ हे वाक्य लिहा. मग सचिवांना शेजारी बसवून दहा दिवसांच्या खऱ्या नोंदी पेन्सिलने भरा. मुद्दाम आडवळणाची प्रकरणं घ्या: मृत सभासद, परत गेलेलं दूध, मशीन बंद असलेली पाळी, उशिरा आलेलं पत्रक, एकाच घरातले दोन कोड. जिथे पेन्सिल अडते तिथे मॉडेल चुकलं आहे. तीन-चार वेळा खोडून काढावं लागेल; तो वेळ वाया जात नाही. शेवटी पंचवीस प्रश्नांची यादी घ्या आणि प्रत्येक उत्तर कुठल्या तक्त्यांतून निघेल ते बोट ठेवून दाखवा.

हे स्वतः शिकणाऱ्यांसाठी सांगतो. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे मोफत साधन उतरवून घ्या, पाच तक्ते बनवा, त्या दहा दिवसांच्या नोंदी आत टाका. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा; तिच्यातलं सिलेक्ट, व्हेअर, जॉईन आणि ग्रुप बाय एवढ्यावर महिनाभर राहा आणि यादीतला एकेक प्रश्न सोडवा. ‘ज्या उत्पादकाने गेल्या दहा दिवसांत एकदाही दूध घातलं नाही’ हा प्रश्न सुटला की लेफ्ट जॉईन समजला. शास्त्रीय बाजू हवी असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डीबीएमएसचे अभ्यासक्रम मोफत आहेत. पण आधी आपल्या गावचा डेटा हाताळा. व्याख्यानं मग नीट कळतात.

सातवी पायरी: आता साधन

एक्सेल किंवा गूगल शीट्स वाईट नाहीत. एक माणूस भरतो, काही हजार ओळी आहेत, नाती कमी आहेत, तर तिथेच राहा. सीमा मात्र लक्षात ठेवा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. आपल्या ३०० उत्पादकांच्या संस्थेच्या पाच वर्षांच्या १०,९५,००० होतात. जुन्या एक्सएलएस प्रकारात तर फक्त ६५,५३६. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये याच जुन्या प्रकारामुळे कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर मोजणीत आली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. शिवाय उत्पादकाच्या तक्त्यात नसलेला कोड संकलनात भरला तर साधी शीट आपणहून अडवत नाही, डेटाबेस अडवतो. माझ्या मते शीट सोडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

एका संगणकावरच काम असेल, इंटरनेट येत-जात असेल, तर एसक्यूलाइट. सगळा डेटाबेस एका फाइलीत, सर्व्हर नको, पैसे नकोत. एका वेळी एकच जण लिहू शकतो, पण एका काट्याला तेवढं पुरतं. दोन-तीन काटे, शिवाय कार्यालय, असे अनेक जण एकदम लिहिणार असतील तर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबी. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. निवड माझ्यावर सोडली तर मी पोस्टग्रे घेईन, कारण चुकीचा डेटा आत येऊ न देण्याबाबत ते कडक आहे. मात्र ते सांभाळणारा माणूस हवा. तो नसेल तर हे साधन तुमच्यासाठी नाही, कितीही चांगलं असलं तरी.

हिशेब, साठा, पगार सगळं एकत्र हवं असेल तर तयार प्रणालींकडे पाहा. मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे आणि स्वतःचे नमुने त्यात जोडता येतात. दूध संकलनासाठी राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाचं एएमसीएस आहे, आणि खासगी तयार सॉफ्टवेअरही पुष्कळ आहेत. मोंगोडीबीसारखे, तक्त्यांऐवजी सुटे दस्तऐवज साठवणारे डेटाबेस नाव ऐकून घेऊ नका. आपला डेटा मुळात नात्यांचा आणि पैशांचा आहे. बिगक्वेरीसारखी डेटा वेअरहाऊस, म्हणजे विश्लेषणासाठीची मोठी कोठारं, शेकडो गावांचं दूध गोळा करणाऱ्या संघाच्या पातळीवर शोभतात. तिथे रचना वेगळी होते: मधे संकलनाचा मोठा तक्ता आणि भोवती तारीख, गाव, उत्पादक, प्रकार असे छोटे. राल्फ किंबॉल यांनी रुजवलेली ही ताऱ्यासारखी रचना विश्लेषणाला सोयीची; काट्यावरच्या रोजच्या नोंदींना मात्र नॉर्मलाइज केलेले तक्तेच बरे.

विक्रेता दाखवायला आला की त्याचा नमुना डेटा पाहू नका. तुमच्या आडवळणाच्या प्रकरणांतली तीन त्याच्यासमोर ठेवा आणि ‘आत्ता इथे भरून दाखवा’ म्हणा. मग विचारा: सगळ्या नोंदी, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या, सीएसव्हीत, म्हणजे कुठल्याही साधनात उघडणाऱ्या साध्या मजकूर फाइलीत, मी स्वतः काढू शकतो का? प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा कागद द्याल का? जुन्या नोंदी कधी पुसल्या जातात? इंटरनेट नसताना संध्याकाळची पाळी होते का? करार संपल्यावर माझा डेटा कुणाकडे आणि कोणत्या रूपात? मराठी पावती छापते का, की चौकोन येतात? दुसऱ्या वर्षापासून खर्च किती? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ किंवा ‘ते आम्ही करून देऊ’ असं उत्तर आलं तर पुढची बोलणी थांबवा. बाकी गोष्टींत तडजोड करा, यात नको.

नव्यावर जाताना

निवडलेलं साधन थेट १ तारखेपासून एकट्यावर चालवू नका. तीन बिलं, म्हणजे महिनाभर, वही आणि संगणक दोन्ही चालू द्या आणि प्रत्येक बिल पैशापर्यंत जुळवा. थोड्या पैशांचा फरक आला तर पहिला संशय पूर्णांकावर घ्या: वहीत प्रत्येक पाळीला पूर्णांक करतात की बिलाच्या शेवटी? दोन्ही पद्धती चालतात, पण एकच ठरवून ठरावात लिहून ठेवा. आधीची थकबाकी आत आणताना प्रत्येक उत्पादकाला त्याचा आकडा दाखवून सही घ्या. जुने वाद तेव्हाच बाहेर येतात, आणि तेव्हाच आलेले बरे.

बॅकअपच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक संस्थेच्या इमारतीबाहेर. नदीकाठच्या गावांना यामागचं कारण सांगायला नको. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून कुठल्याही एका उत्पादकाचं बिल काढून पाहा. उघडून न पाहिलेली प्रत धरू नका.

माळ्यावरच्या वह्या इतक्यात रद्दीत देऊ नका. नव्या डेटाबेसमधून एका पूर्ण वर्षाचा फरक निघून लोकांच्या खात्यावर जमा होऊ दे, लेखापरीक्षण होऊ दे, आणि मगच त्या किती वर्षं ठेवायच्या ते संचालक मंडळाच्या ठरावाने ठरवा.